सही करणाऱ्यांची चळवळ : चार्टिस्ट आणि मताचा हक्क

धोटा

नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात होतं, आज लिहून काढते. लांबलंय, सांभाळून घ्या.

मी तीन वर्षांपासून इंग्लंडमध्ये प्रेस्टनला राहते. लँकेशायरमधलं जुन्या सूतगिरण्यांचं गाव. कामावर जाताना ल्यून स्ट्रीटजवळून जावं लागतं. तिथं एक शिल्प आहे. एकीकडे बंदुका रोखलेले सैनिक, समोर कोसळणारी माणसं. पहिले सहा महिने मी ते कुठल्यातरी लढाईचं स्मारक समजत होते. एकदा बस चुकली म्हणून थांबून खालचा मजकूर वाचला. १३ ऑगस्ट १८४२ ला संपावरच्या गिरणी कामगारांवर इथं सैन्यानं गोळ्या घातल्या. चौघं मेले.

माझे वडील इचलकरंजीत दुसऱ्याच्या शेडमध्ये माग चालवायचे. बारा तासांची पाळी. घरी आले तरी मोठ्यानंच बोलायचे, कारण दिवसभर खडखडाटात दुसरं काही ऐकूच यायचं नाही. त्यामुळे ते शिल्प वाचल्यावर मी तशीच पुढे जाऊ शकले नाही. ही माणसं कोण होती, का रस्त्यावर आली होती हे शोधत गेले आणि चार्टिस्ट चळवळीपाशी पोचले. आपल्याकडे हिला सनदवादी चळवळ म्हणतात. शाळेतलं मला तरी एका ओळीपलीकडे काही आठवत नाही.

थोडं मागे जाते. १८३२ पर्यंत ओल्ड सेरम नावाच्या ओसाड टेकडीचे पार्लमेंटात दोन सदस्य होते, आणि मँचेस्टरसारख्या शहराचा एकही नव्हता. सुधारणा हवी म्हणून मध्यमवर्ग आणि कामगार एकत्र रस्त्यावर उतरले. कायदा झाला, पण शहरात मत कुणाला, तर ज्याच्या राहत्या घराची किंमत वर्षाला दहा पौंड भाड्याच्या तोलाची, त्याला. दुकानदार आत आले, विणकर बाहेर राहिला. इंग्लंड आणि वेल्समधल्या साधारण पाच पुरुषांतल्या एकाला मत मिळालं. दोन वर्षांनी याच नव्या पार्लमेंटनं गरिबांसाठीचा कायदा बदलला. मदत हवी तर वर्कहाऊसमध्ये, म्हणजे गरिबांना ठेवून कामाला जुंपायच्या निवासात, या. तिथं नवरा एका भागात, बायको दुसऱ्या, मुलं तिसऱ्या. आतली अवस्था बाहेरच्या सर्वांत गरीब मजुरापेक्षाही वाईट असली पाहिजे, हे तत्त्व ठरवून पाळलं जाई. त्याच १८३४ साली टॉलपडल गावच्या सहा शेतमजुरांना संघटनेची शपथ घेतल्याबद्दल सात वर्षांसाठी ऑस्ट्रेलियाला पाठवलं.

ज्यांच्या खांद्यावर बसून मध्यमवर्ग आत गेला, त्यांनाच पहिला दणका. इथून लोकांना एक गोष्ट पक्की कळली, की कायदा करणाऱ्या खोलीत आपलं कुणी नसेल तर आपल्या चुलीत काय जळायचं हेही दुसरेच ठरवणार.

१८३६ मध्ये लंडनला कामगारांची एक संघटना निघाली. तिच्यातला मुख्य माणूस विल्यम लव्हेट, फर्निचर करणारा कारागीर. मे १८३८ मध्ये त्यांनी लोकसनद (पीपल्स चार्टर) छापली, तिच्यावरूनच चार्टिस्ट हे नाव. एकवीस वर्षांवरच्या प्रत्येक पुरुषाला मत, मतदान गुप्त, उमेदवाराला मालमत्तेची अट नको, निवडून आलेल्याला पगार (नाहीतर मजूर पार्लमेंटात बसून खाणार काय?), मतदारसंघ सारख्या आकाराचे, आणि दरवर्षी निवडणूक. बस, एवढ्या सहा मागण्या. आज वाचताना यात भयंकर काय होतं तेच कळत नाही.

त्या वर्षी सप्टेंबरमध्ये मँचेस्टरजवळ कर्सल मूरच्या माळावर प्रचंड सभा झाली. जोसेफ रेनर स्टीफन्स नावाच्या धर्मोपदेशकानं तिथं सांगितलं, की मताचा प्रश्न हा शेवटी काट्या-सुरीचा आणि पाव-चीजचा प्रश्न आहे. मला या चळवळीत सर्वांत पटलेलं वाक्य हेच. अंगावर चांगला कोट, डोक्यावर छप्पर, ताटात पुरेसं जेवण आणि वाजवी मजुरी हा कष्टकऱ्याचा हक्क आहे, असं तो म्हणत होता.

आता ज्यासाठी धागा काढला ते.

ज्यांना मत नाही त्यांच्याकडे काय असतं? सही. या लोकांनी तीन वेळा पार्लमेंटकडे अर्ज नेला. १८३९ चा सुमारे १२ लाख ८० हजार सह्यांचा. १८४२ चा ३३ लाखांवर सह्यांचा. म्हणजे ज्यांना मत होतं त्या सगळ्यांच्या बेरजेपेक्षा कितीतरी जास्त माणसं, नावानिशी. गिरणीच्या दाराशी, दारूच्या गुत्त्यात, चर्चबाहेर टेबल टाकून गोळा केलेले कागद एकमेकांना चिकटवत नेले. ती गुंडाळी सहा मैलांहून लांब झाली. कामगारांनी पाळीपाळीनं खांदा देत ती लंडनच्या रस्त्यांवरून नेली. पार्लमेंटच्या दारातून ती आत जाईना! शेवटी तुकडे करून आत न्यावी लागली. सभागृहाच्या जमिनीवर कागदांचा ढीग पडला.

त्यावर मतदान झालं. अर्जवाल्यांचं म्हणणं निदान ऐकून तरी घ्यावं, एवढाच ठराव होता. बाजूनं ४९, विरोधात २८७.

तीनच महिन्यांनी, मजुरी कापल्यावर, उत्तर इंग्लंडातल्या गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. अनेक ठिकाणी संपकऱ्यांच्या सभांनी सनद कायदा होईपर्यंत कामावर जायचं नाही असे ठराव केले. त्याच महिन्यात ल्यून स्ट्रीटवर गोळ्या चालल्या.

सगळीकडे हिला 'अयशस्वी चळवळ' म्हणतात. मला ते मान्य नाही. त्यांची मतं मोजायला कुणी तयार नव्हतं म्हणून त्यांनी स्वतःच स्वतःची मोजणी केली, माझ्या लेखी त्या कागदांचा अर्थ हा आहे. माझी आजी शिकलेली नव्हती, पण मतदानाच्या दिवशी नऊवारी धुवट नेसून सकाळी सातला रांगेत असायची. बोटावरची शाई ती आठवडाभर जपायची. तिला हे सगळं सांगायला हवं होतं असं सारखं वाटतं.

तुमच्याकडे याबद्दल काही असेल तर जरूर लिहा.

सांजवात

धोटाताई, वाचताना अंगावर काटा आला. आजीचं वाचून डोळे भरले. वाचनखूण साठवली.

एक विचारते. 'प्रत्येक पुरुषाला मत' यात बायका कुठे गेल्या? गिरणीत तर त्याही होत्या ना?

धोटा

हो सांजवात, आणि हे मला टोचतंच. लव्हेटच्या पहिल्या खर्ड्यात स्त्रियांचा हक्क होता. पण सोबतच्यांना वाटलं यामुळे पुरुषांचा मताधिकारही लांबणीवर पडेल, म्हणून तो काढला. बायकांना आधी थांबायला सांगायचं, ही रीत फार जुनी. आणि १८३२ च्या कायद्यात तर मतदार म्हणजे 'पुरुष व्यक्ती' असं पहिल्यांदाच स्पष्ट लिहिलं गेलं.

तरी बायका मागे राहिल्या नाहीत. गावोगावी त्यांच्या स्वतंत्र चार्टिस्ट सभा होत्या. वर्कहाऊसमध्ये मुलं तोडली जात, त्यामुळे गरिबांच्या कायद्याविरुद्ध सर्वांत चिडून बोलल्या त्या बायकाच. त्यांचं एक हत्यार मला फार आवडतं. मतदान तेव्हा उघड होतं, कुणी कुणाला मत दिलं ते नावानिशी छापून यायचं. मत दुकानदाराला होतं, आणि दुकानात पैसे टाकणारी बाई होती. सनदेला पाठिंबा देणाऱ्याच्याच दुकानातून पीठ, मेणबत्त्या, चहा घ्यायचा, बाकीच्यांच्या पायरीवर पाय ठेवायचा नाही. मत नसलेल्या बाईनं मत असलेल्या माणसाला असं धारेवर धरलं होतं.

काळा_घेवडा

म्हणजे उघड मतदान त्यांच्या फायद्याचंही होतं? मग गुप्त मतदान का मागितलं?

धोटा

बरोबर पकडलंत. हा वाद त्यांच्यातही होता. सगळ्यांना मत न देता नुसतं मतदान गुप्त केलं, तर मूठभर मतदार बाकीच्यांच्या नजरेतूनही सुटतील असं बऱ्याच चार्टिस्टांचं म्हणणं होतं. म्हणून सहा मागण्या एकत्र, सुट्या नाहीत. खेड्यात जमीनदाराच्या माणसासमोर कुळानं मोठ्यानं उमेदवाराचं नाव सांगायचं, हे डोळ्यांपुढे आणा. विरोधात बोलला तर पुढच्या हंगामाला जमीन गेली.

बांधावरून

गुप्त मतदानावरून लिहितो. माझे आजोबा सालगडी होते. मतदान गुप्तच होतं, पण आदल्या रात्री मालक वाड्यात बोलवायचे, हातावर गूळ ठेवायचे आणि देवाची शपथ घ्यायला लावायचे. आजोबा देवभोळे. एकदा त्यांनी शपथ मोडली आणि कितीतरी दिवस जेवण गेलं नाही, असं आजी सांगायची. मोडली हे मालकाला कधीच कळलं नाही. पेटी गप्प राहिली म्हणून ते त्या वाड्यावर टिकले. मला गुप्त मतदान म्हटलं की तेच आठवतं.

इंग्लंडात हे कधी आलं शेवटी?

धोटा

काय लिहिलंत! आजोबांना नमस्कार.

१८७२ मध्ये कायदा झाला. त्याच ऑगस्टमध्ये यॉर्कशायरमधल्या पॉन्टीफ्रॅक्टला पोटनिवडणूक होती, पहिली गुप्त मतदानाची. ते गाव ज्येष्ठमधाच्या वड्यांसाठी प्रसिद्ध आहे. मतपेटीला लाख लावून मोहोर उठवायची होती, तर ज्येष्ठमधाच्या वड्यांवर उमटवायचा गावातल्या कारखान्याचा शिक्काच वापरला. ती पेटी अजून आहे, लाखेवर तो ठसा दिसतो. पेटी गप्प राहिली म्हणालात ना, त्या गप्प बसण्याची इंग्लंडातली सुरुवात ही.

वाफ

मी आधी सायझिंगच्या (सुताला खळ लावायच्या) आणि मग साखर कारखान्याच्या बॉयलरवर मिळून छब्बीस वर्षं काढलीत, म्हणून १८४२ च्या संपाबद्दल राहवत नाही. त्या संपाला इंग्रजीत प्लगचे दंगे म्हणतात. संपकरी गिरणीत शिरायचे आणि बॉयलरचा प्लग, म्हणजे बूच, काढायचे. ज्यानं बॉयलर जवळून पाहिलाय त्याला यातली अक्कल कळेल. प्लग निघाला की पाणी खाली जातं, वाफ पडते, विस्तव ओढावा लागतो. इंजिन थांबलं की वरच्या शाफ्टवर चालणारे सगळे माग एकदम थांबतात. एकही माग फोडावा लागत नाही. परत पाणी भरून, आग पेटवून, दाब वर येईपर्यंत तासन् तास जातात. घाई केली तर बॉयलरला धोका, म्हणून मालकालाही घाई करता येत नाही.

म्हणजे यंत्र न मोडता गिरणी बंद. दंगेखोर म्हणून ज्यांना हिणवलं त्यांना यंत्राची किंमत चांगली ठाऊक होती. उद्या परत त्याच्यावरच पोट भरायचं होतं.

रोखठोक

धागा चांगला आहे, पण थोडं दुसऱ्या बाजूनं. चळवळ हिंसक झाली म्हणून बदनाम झाली हे का लिहिलं नाही? न्यूपोर्टच्या उठावाचं काय? लव्हेट शांतपणे शिक्षण आणि अर्ज यांच्या वाटेनं जात होता. चळवळीचा दुसरा मोठा पुढारी फर्गस ओ'कॉनर, त्यानं तोफा-बंदुकांची भाषा सुरू केली आणि सगळं विस्कटलं. आपल्याकडच्या मवाळ-जहालांसारखंच.

धोटा

रोखठोक, न्यूपोर्ट मुद्दाम टाळलं नाही, पहिल्याच पोस्टमध्ये फार झालं असतं. पण तुमची मांडणी मला पुरती पटत नाही. 'जमलं तर शांततेनं, नाहीतर बळानं' ही घोषणा सभेसभेत होती, आणि एकच माणूस सोमवारी अर्जावर सही करून शनिवारी भाल्याचं पातं पाजळत असे. दोन वेगळ्या छावण्या नव्हत्या. आणि शांत वाटेनं जाणाऱ्या लव्हेटला काय मिळालं? जुलै १८३९ मध्ये बर्मिंगहॅमच्या बुल रिंगमधल्या सभेवर लंडनहून आणलेल्या पोलिसांनी लाठ्या चालवल्या. त्याचा निषेध करणाऱ्या पत्रकाखाली लव्हेटनं आपलं नाव घातलं, म्हणून वर्षभराची कैद. इथंही सहीच!

ओ'कॉनर भडक बोलायचा, खरंय. पण त्याचं 'नॉर्दर्न स्टार' नसतं तर चळवळ देशभर एक झाली नसती. लीड्सहून निघणारं साप्ताहिक, किंमत साडेचार पेन्स, मजुराला एकट्यानं परवडणारं नाही. मग दहाजण वर्गणी काढायचे आणि एकजण मोठ्यानं वाचायचा. दूरदूरच्या गावांतल्या सभांची वृत्तं त्यात यायची. आपल्या गावचं नाव छापलेलं ऐकायला लोक थांबायचे.

न्यूपोर्टबद्दल कुणी जवळचं लिहील का?

सेव्हर्नकाठी

मी कार्डिफला असतो, न्यूपोर्ट इथून जवळ. जागा पाहिलीय.

३ नोव्हेंबर १८३९ ची रात्र. दक्षिण वेल्सच्या दऱ्यांमधून खाणकामगार आणि लोखंडाच्या भट्ट्यांवरचे मजूर हजारोंनी निघाले. रात्रभर वादळी पाऊस. पहाटे पोचायचं होतं, सकाळचे नऊ वाजले. भिजलेले, थकलेले, उपाशी. वेस्टगेट हॉटेलात काही चार्टिस्ट पकडून ठेवलेत असं कळलं, म्हणून तिकडे गेले. आत ४५ व्या पलटणीचे तीसेक सैनिक होते. खिडक्या उघडल्या आणि गोळीबार झाला. अर्धा तासही लागला नाही. निदान बावीसजण मेले. त्यातल्या दहाजणांना सेंट वुलोसच्या आवारात रात्री गुपचूप पुरलं, थडग्यावर नाव नाही.

पुढारी जॉन फ्रॉस्ट कापडदुकानदार, पूर्वी त्याच गावचा महापौर आणि मॅजिस्ट्रेट राहिलेला. त्याला, झेफनाया विल्यम्सला आणि विल्यम जोन्सला जुन्या पद्धतीची देहांताची शिक्षा झाली, म्हणजे फाशी देऊन नंतर देहाचे तुकडे करायचे. लोकांच्या दबावामुळे ती बदलून टास्मानियाला काळ्या पाण्यावर पाठवलं.

न्यूपोर्टला एका भुयारी वाटेच्या भिंतीवर या उठावाचं मोठं मोझाइक होतं, १९७८ चं. लोकांचा विरोध असताना २०१३ मध्ये बाजारपेठेच्या नव्या बांधकामासाठी ते पाडलं. त्या वेळी मी इथं नवीन होतो. पाडायच्या दिवशी जमलेल्यांत एक म्हातारे गृहस्थ खाली पडलेले टाइलचे बारके तुकडे रुमालात गोळा करत होते. नखाएवढे, लाल-निळे. मीही एक उचलला, आजही टेबलावर आहे.

रोखठोक, त्या माणसांना उपदेश करायचं धाडस मला तरी होत नाही.

रोखठोक

सेव्हर्नकाठी, माझा सूर उपदेशाचा वाटला असेल तर माफ करा. मुद्दा एवढाच, की बावीस घरं उजाडली आणि सरकारला दडपशाहीला कारण मिळालं. तरी धोटाताईंचं लव्हेटच्या कैदेचं उत्तर विचार करायला लावणारं आहे. मला ते माहीत नव्हतं.

जुनी_पोथी

या चळवळीला चिरडायला जी माणसं उभी होती, ती आपल्या फार ओळखीची आहेत, हे कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो.

१८४२ च्या अर्जाविरुद्ध ३ मे रोजी सर्वांत गाजलेलं भाषण कुणाचं? मेकॉलेचं. तोच, १८३५ चं शिक्षणविषयक टिपण लिहिणारा, आपल्या दंडसंहितेचा पहिला मसुदा करणारा. भारतातून परतून खासदार झाला होता. सार्वत्रिक मताधिकार आणि सुधारलेला समाज एकत्र नांदूच शकत नाहीत, कारण मालमत्ता नसलेले सत्तेत आले तर मालमत्ता लुटतील, असं त्यानं सांगितलं. कलकत्त्याला बसून आपल्यासाठी कायदे लिहिणाऱ्याला स्वतःच्या देशातला विणकरही राज्य करायच्या लायकीचा वाटत नव्हता.

१८३९ मध्ये उत्तर इंग्लंडातल्या फौजेचा प्रमुख चार्ल्स नेपियर. या माणसाबद्दल माझं मन दुभंगतं. त्याला चार्टिस्टांबद्दल खरी कणव होती, मजुरांची उपासमार त्यानं रोजनिशीत कळकळीनं लिहिलीय, आणि रक्त सांडू नये म्हणून झटला. १८४१ च्या अखेरीस मुंबईत उतरला, पुण्याच्या फौजेवर नेमणूक झाली, आणि तिथून पुढे जाऊन १८४३ मध्ये सिंध गिळला. मँचेस्टरच्या मजुरावर गोळी झाडताना ज्याचा हात जड होत होता, त्याचा सिंधमधल्या मियाणीच्या लढाईत झाला नाही.

आणि १० एप्रिल १८४८ ला तिसऱ्या अर्जाच्या दिवशी लंडनच्या बंदोबस्ताची सूत्रं ड्यूक ऑफ वेलिंग्टनकडे. वय ७८. जालना जिल्ह्यातल्या आसईला १८०३ मध्ये शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढलेला आर्थर वेलस्ली तो हाच. थेम्सचे पूल अडवून बसला होता. राणीला आधीच आइल ऑफ वाइटला हलवलं होतं.

उलट बाजूचंही सांगतो. चार्टिस्टांचा शेवटच्या काळातला पुढारी अर्नेस्ट जोन्स, १८४८ पासून दोन वर्षं तुरुंगात काढलेला. १८५७ मध्ये लंडनची वर्तमानपत्रं सूड मागत असताना त्याच्या 'पीपल्स पेपर'नं हिंदी लोकांचा उठाव न्याय्य आहे असं उघड लिहिलं.

धोटा

जुनी_पोथी, आसई आणि पुण्याचं मला अजिबात माहीत नव्हतं. नेपियरवरचा परिच्छेद दोनदा वाचला.

आकडेमोड

१८४८ च्या अर्जाचा विषय निघालाच आहे तर. ओ'कॉनरनं सांगितलं ५७ लाख सह्या. सभागृहाच्या समितीनं दोन-तीन दिवसांत जाहीर केलं, १९,७५,४९६. शिवाय त्यात राणी व्हिक्टोरिया, वेलिंग्टन, 'चपटे नाक' वगैरे खोटी नावं सापडली. सभागृह हसलं, वर्तमानपत्रं हसली, आणि चळवळीची पत संपली.

ही मोजणी १३ कारकुनांनी १७ तासांत केली असं सांगितलं गेलं. हिशेब करा. १३ गुणिले १७ म्हणजे २२१ तास. तासाला एका कारकुनाला जवळजवळ ९ हजार सह्या, मिनिटाला दीडशे, सेकंदाला अडीच. न थांबता, कागद उलगडत, खोट्या नावांवर बोट ठेवत. मी आयुष्यभर हिशेबतपासणी केलीय. हा वेग माणसाचा नाही. ओ'कॉनरनं तेव्हाच हरकत घेतली होती, कुणी ऐकलं नाही.

५७ लाखही मला पटत नाहीत. पण समजा समितीचाच आकडा धरला, तरी वीस लाख माणसं खरी. ती हसण्यावारी नेली.

वेशीपलीकडे

आकडेमोड यांचा हिशेब वाचून शेवटी लिहायला बसलो.

खोट्या नावांवर सगळे हसले, पण खरं नाव लिहिण्याची भीती कुणी पाहिली का? मालकाच्या हाती कागद लागला तर उद्या काम नाही. टोपणनाव ही कित्येकांची गरज असणार.

आणि दहा पौंडांच्या घराची ती अट समुद्र ओलांडून आपल्याकडेही आली. १९१९ आणि १९३५ च्या कायद्यांखाली मतदारयादीत नाव लागायला शेतसारा, भाडं, कर, शिक्षण, यातलं काहीतरी लागायचं. वेशीबाहेरच्या माणसाकडे यातलं काय असणार? बाबासाहेबांनी १९१९ मध्ये मताधिकार ठरवणाऱ्या साउथबरो समितीपुढे हाच प्रश्न मांडला. पुढे १९२८ मध्ये सायमन कमिशनपुढे सरसकट प्रौढ मताधिकार मागितला, स्त्री-पुरुष दोघांना. त्या वेळी भलेभले म्हणत होते की अडाण्यांना मत देऊन काय करणार. मेकॉलेचंच म्हणणं, फक्त तोंड वेगळं.

ब्रिटनमध्ये १८३२ पासून सगळ्या पुरुषांना मत मिळायला १९१८ उजाडलं, स्त्रियांना बरोबरीनं मिळायला १९२८. आपल्या घटनेनं ते एकदम दिलं. १९५१-५२ च्या यादीत सतरा कोटींवर नावं होती. तीही सहज लिहिली गेली नाहीत. उत्तरेकडच्या काही राज्यांत बायका स्वतःचं नाव सांगेनात, 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई' एवढंच. नाव नाही तर नोंद नाही, म्हणून जवळपास २८ लाख स्त्रियांची नोंद गाळावी लागली. धोटाताई, तुमच्या आजी बोटावरची शाई का जपत असतील ते मला कळतं.

सांजवात

वेशीपलीकडे +१. २८ लाख बायका. वाचून गप्प झाले.

बांधावरून

ओ'कॉनरच्या जमिनीच्या योजनेबद्दल कुणाला माहिती आहे का? मजुरांना शेतकरी करायला निघाला होता असं ऐकलंय.

धोटा

हो. १८४५ पासून. शेअर काढून जमीन घ्यायची आणि चिठ्ठ्या टाकून दोन, तीन, चार एकरांचे तुकडे घरासकट द्यायचे. सत्तर हजारांवर लोकांनी पैसे भरले, तेही आठवड्याला काही पेन्स करत. पाच वसाहती झाल्या, पहिलीचं नाव ओ'कॉनरव्हिल. पण जमीन मिळाली जेमतेम अडीचशे कुटुंबांना. कंपनीला कायद्यात बसवताच येईना, आणि १८५१ मध्ये पार्लमेंटनं ती गुंडाळली. जन्मभर माग चालवलेल्या माणसाला कुदळीनं बटाटे काढायला लावणं सोपं नव्हतं. पण स्वतःच्या दाराशी स्वतःची जमीन, मालकाचा भोंगा नाही, हे स्वप्न मला कळतं. वडिलांनीही गावाकडे अर्धा एकर घ्यायचं शेवटपर्यंत मनात धरलं होतं.

बांधावरून

दोन एकरात, पाणी आणि खत असेल तर, कुटुंब अर्धपोटी तगतं. पोटभर नाही. पण चिठ्ठी निघालेल्या दिवशी त्या घरात काय आनंद झाला असेल!

काळा_घेवडा

१८४८ नंतर या लोकांचं काय झालं?

धोटा

बऱ्याच जणांची वाताहत. ओ'कॉनरचं मन ढासळलं, वेड्यांच्या इस्पितळात काही वर्षं काढून १८५५ मध्ये गेला. अंत्ययात्रेला हजारो लोक होते.

मला सर्वांत लक्षात राहिलेला माणूस विल्यम कफे. लंडनचा शिंपी, उंची पाच फुटांच्या आत. बाप सेंट किट्स बेटावरचा, एके काळचा गुलाम. १८३४ च्या शिंप्यांच्या संपात सामील झाला म्हणून काम गेलं, आणि मग चळवळीतच शिरला. १० एप्रिल १८४८ ला थेम्सचा पूल ओलांडून पार्लमेंटकडे जायचं नाही असं पुढाऱ्यांनी ठरवलं तेव्हा तो संतापून बोलला होता. त्याच उन्हाळ्यात पोलिसांच्या खबऱ्याच्या साक्षीवर पकडला गेला आणि टास्मानियाला रवाना. १८५६ मध्ये माफी मिळाली, पण तो परतला नाही. साठी उलटलेली असताना तिथंही शिंपीकाम करत कामगारांच्या सभा गाजवल्या. १८७० मध्ये होबार्टला निराधारांच्या आश्रमात वारला.

सहापैकी पाच मागण्या एकेक करून कायद्यात आल्या. मालमत्तेची अट १८५८ मध्ये गेली, खासदारांना पगार १९११ मध्ये, वर्षाला ४०० पौंड. दरवर्षी निवडणूक तेवढी आली नाही. यातलं बहुतेक पाहायला त्यांच्यातलं कुणी उरलं नव्हतं.

टेम्सकाठी

एक छोटी भर घालतो, लंडनमध्ये राहत असल्यामुळे लक्षात आलेली.

१८४२ चा तो दारात न मावलेला अर्ज सभागृहात सादर करणारा खासदार होता टॉमस डनकोंब. त्याचा मतदारसंघ फिन्सबरी. पुढे त्याचे भाग पडले. बरोबर पन्नास वर्षांनी, १८९२ मध्ये, त्यातल्या सेंट्रल फिन्सबरीतून कोण निवडून आलं? आपले दादाभाई नौरोजी, एल्फिन्स्टनचे जुने प्राध्यापक. पाच मतांनी! १८६७ आणि १८८४ च्या सुधारणांनी कारागिरांना मत मिळालं होतं. तिथले कितीतरी मतदार घड्याळजी, सोनार, छापखान्यातले कामगार, म्हणजे चार्टिस्टांचीच मुलं-नातवंडं. दादाभाईंनाही पगार नव्हता, तो कायदा यायला अजून एकोणीस वर्षं होती.

रोझबरी ॲव्हेन्यूवर फिन्सबरीच्या जुन्या टाउन हॉलला त्यांच्या नावाची पाटी आहे, आणि जवळच एका गल्लीला नौरोजी स्ट्रीट म्हणतात. माझं ऑफिस तिथून दहा मिनिटांवर.

धोटा

पाच मतांनी! टेम्सकाठी, पुढच्या महिन्यात मी लंडनला येतेय. ती पाटी आणि गल्ली दाखवाल का? सेव्हर्नकाठी, जमलं तर तुम्हीही या, आणि तो टाइलचा तुकडा घेऊन या. मला हातात धरून पाहायचाय.

सेव्हर्नकाठी

येतो. तारीख कळवा.